मोबदल्याचा रकाना

झेरॉक्सवाल्याने गठ्ठा काउंटरवर ठेवला तेव्हा सगळ्यात वरचं पान उलटं होतं, म्हणून मी ते सरळ करायला घेतलं, एवढंच. सांगलीच्या उन्हाळ्यातली सकाळ, साडेनऊची. पान मशीनमधून नुकतंच निघालेलं, अजून कोमट. वर ठळक अक्षरांत ‘पाणीपाळी हस्तांतरण नियम, मसुदा’ आणि खाली प्रास्ताविक. मसुदे वाचायची मला हौस नाही, गेली आठ वर्षं तेच करतोय. पण डोळा तिसऱ्या ओळीवर गेला आणि तिथेच राहिला. ‘राज्याच्या अवर्षणप्रवण भागात पाण्याची पाळी मोबदला घेऊन दुसऱ्यास देण्याची रीत पूर्वापार असल्याचे आंतरराष्ट्रीय अभ्यासांतून सिद्ध झाले आहे. हा मोबदला धान्य, मजुरी अथवा कोकरू अशा स्वरूपात दिला जातो.’ कोकरू. मी तो शब्द दोनदा वाचला. जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं झालं. ‘साहेब, स्टेपल मारू का स्पायरल करू?’ झेरॉक्सवाला विचारत होता. मी म्हणालो, काहीही कर. जगात एवढे आंतरराष्ट्रीय अभ्यास, पण ते कोकरू माझ्या आईचं होतं. आणि ते कोकरू कधी नव्हतंच.

गठ्ठा काखेत मारून मी रस्त्यावर आलो. बारा वाजता मार्केट यार्डाजवळच्या सभागृहात सुनावणी होती. सातारा-सांगली दोन्ही जिल्ह्यांच्या कोरडवाहू भागासाठी मिळून एकच. हे नियम मंजूर झाले की पाटाच्या पाण्यावरची प्रत्येक घराची पाळी कायमची विकता येणार, ज्याला पाहिजे त्याला, जिथे पाहिजे तिथे. आमची संस्था या नियमांच्या बाजूने निवेदन देणार होती. निवेदनाच्या साठ प्रती माझ्या काखेत होत्या आणि मसुद्याच्या प्रतीही. संस्थेला लोक पुण्याची म्हणतात, पण ती पुण्याची नाही. पुण्यात तिचं ऑफिस आहे. तिला पैसा आणि डोकं दोन्ही बाहेरून येतं, कधी लंडनच्या एका मंचाकडून, कधी अमेरिकेतल्या कुठल्या फाउंडेशनकडून, आणि त्या सगळ्यांची एकमेकांशी सोयरीक आहे. एकाने लिहायचं, दुसऱ्याने त्याचा दाखला द्यायचा, तिसऱ्याने दोघांचा हवाला देऊन परिषद भरवायची. मी तिथला राज्य समन्वयक. वडूजच्या पलीकडच्या धनगरवस्तीतून निघालेलं पोर राज्य समन्वयक झालं म्हणून गावात एकदा माझा सत्कारही झाला होता. नारळ, टोपी, टॉवेल. तो टॉवेल समीक्षा, माझी बायको, अजून खिडक्या पुसायला वापरते.

चहाच्या गाड्यावर उभा राहिलो, चहा तसाच हातात धरून. मला तो दिवस सोडत नव्हता. आठ वर्षांपूर्वीचा, आमच्याच गावातला. संस्थेत मी नवा होतो आणि सगळ्यांना काहीतरी दाखवायचं होतं. तर मी एका बैठकीत आमच्या गावची रीत सांगितली. गावात तलाव आहे, त्याचा एक पाट आहे, आणि नवव्या दिवशी प्रत्येकाच्या रानाला पाणी येतं. ती त्याची पाळी. एखाद्या घरात माणूस गेलं की ते घर सुतकात बसतं, पाणी धरायला कुणी बाहेर पडत नाही, त्यांची पाळी हुकते आणि पीक जळतं. मग बाराव्यानंतर कुणीतरी शेजारी आपल्या पाळीच्या दिवशी दिवस उगवायला पाटावर जातो, आपल्या रानाकडचं तोंड मातीने बुजवतो, त्या घराच्या रानाकडचं फोडतो आणि निघून येतो. बोलत नाही. घरच्यांनी रान भिजलेलं बघायचं आणि गप्प राहायचं. कुणी सोडलं हे सगळ्या गावाला ठाऊक असतं, पण कुणी विचारत नाही आणि कुणी आभार मानत नाही. आभार मानले तर देणाऱ्याला राग येतो, आणि खरंच येतो. माझा बाप गेला तेव्हा मी नववीत होतो. चौदाव्या दिवशी मी रानात गेलो तर आमची ज्वारी पायाच्या घोट्यापर्यंत पाण्यात उभी होती आणि बांधावर शेजारच्या रंगुबाईच्या पायांचे ठसे होते. रंगुबाईला स्वतःचं रान अर्धा एकर. त्या वेळी तिचा कांदा ऐन पाण्यावर आला होता. मी घरी येऊन आईला सांगायला तोंड उघडलं तर तिने नुसता हात वर केला. गप्प, असा.

ही गोष्ट मी बैठकीत सांगितली आणि वीरधवल सर खुर्चीत पुढे सरकले. सर म्हणजे आमचे संचालक. उंब्रजकडचे, नदीकाठच्या ऊसवाल्या घरातले, आजोबा फौजेत सुभेदार, स्वतः परदेशात शिकून आलेले. माणूस वाईट नाही, हे मी आजही म्हणतो आणि म्हणताना मला स्वतःचीच चीड येते. ते म्हणाले, ‘सिद्धू, अरे हे तर सोनं आहे. हे एक्स्चेंज आहे.’ मी म्हणालो, सर, बदल्यात काही घेत नाहीत. ते हसले. ‘तुला दिसत नाही एवढंच. जगात कुणी फुकट काही देत नाही. नीट विचारलंस तर सापडेल.’ त्याच्या पुढच्या महिन्यात पाचगणीला चार दिवसांचं शिबिर झालं. तिथे चिली देशातले एक गृहस्थ आले होते, पांढरी दाढी, फार गोड बोलणं. त्यांच्या देशात पाणी जमिनीपासून वेगळं विकता येतं म्हणे. स्ट्रॉबेरी-क्रीम खाता खाता त्यांनी आम्हाला शिकवलं की लोकांवर बाजार लादायला जाऊ नका, लोक चिडतात. लोक आधीपासून जे करतात ते शोधा, त्याला बाजार हे नाव द्या आणि मग म्हणा की सरकारने फक्त मधून बाजूला व्हावं. मी ते वहीत उतरवून घेतलं. खाली दोन रेघा ओढल्या. मला तेव्हा फार हुशार झाल्यासारखं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

मग मी तक्ता घेऊन गावात गेलो. एकतीस घरं. कुणी कुणाला पाळी सोडली, कधी, किती तास. आणि शेवटचा रकाना, मोबदला. पहिल्यांदा मी तो रकाना रिकामा ठेवून तक्ता पाठवला होता, तो सरांनी परत केला, वर लाल शेरा: ‘रिकामा रकाना म्हणजे अपुरं निरीक्षण.’ म्हणून दुसऱ्या खेपेला सुरुवात घरापासून केली. आई उंबऱ्यात बसून लसूण सोलत होती. मी कागद मांडीवर घेतला आणि ऑफिसच्या आवाजात विचारलं, ‘बापाच्या वेळंला पाळी मिळाली, त्याच्या बदल्यात काय दिलं?’ तिचे हात थांबले. आमच्यात हे असं कुणी तोंडाने विचारत नाही. विचारणं म्हणजेच तू फुकट खाल्लंस असं म्हणणं, आणि तेही पोटच्या पोराने, हातात पेन घेऊन. तिने हातातली पाकळी सोलून बाजूला टाकली. मग म्हणाली, ‘दिलं की. कोकरू दिलं.’ मला माहीत होतं की त्या वर्षी आमच्या वाड्यात एकही शेळी-मेंढी नव्हती. बापाच्या दवाखान्यातच सगळी गेली होती. ते तिलाही माहीत होतं, आणि मला माहीत आहे हेही तिला माहीत होतं. मी लिहिलं, ‘कोकरू, एक.’ नंतर घरोघर तेच झालं. नानासोच्या घरी पायलीभर बाजरी, कुठे दोन दिवसांची खुरपणी, कुठे घोंगडं. कुणीही म्हणालं नाही की काही दिलं नाही. कसं म्हणणार? मी विचारत गेलो आणि माणसं लाजून खोटं बोलत गेली आणि रकाना भरत गेला. एकतीसपैकी एकतीस. सर म्हणाले, असा शंभर टक्के डेटा त्यांनी आयुष्यात बघितला नाही.

पुढे त्या तक्त्याचं काय झालं हे मी दुरून बघत राहिलो. पुण्यात त्याचा इंग्रजी निबंध झाला. लंडनवाल्यांनी आपल्या मोठ्या अहवालात तो घेतला, तिथे माझं गाव ‘दक्षिण भारतातला पुरावा’ झालं. त्या अहवालाचा दाखला देऊन आफ्रिकेत कुठेतरी परिसंवाद झाला, त्या परिसंवादाचा हवाला घेऊन आपल्याकडे तज्ज्ञ समिती बसली, आणि समितीवर तज्ज्ञ म्हणून वीरधवल सर. आता मसुद्यात ‘आंतरराष्ट्रीय अभ्यासांतून सिद्ध’ आलं. एवढं सगळं जग फिरून आलेलं ते कोकरू आज सकाळी माझ्या हातात कोमट पडलं, आणि मी त्या जगातला एकच माणूस, ज्याला ठाऊक आहे की ते नव्हतं. नाही, एकच कसा? आईला ठाऊक आहे. रंगुबाईला ठाऊक आहे. त्या दोघी आज येणार होत्या.

त्या येणार होत्या कारण गेली दोन वर्षं आमच्या गावात नमुना म्हणून हीच योजना चालू होती. प्रत्येक घराच्या नावावर पाणीहक्काचं कार्ड निघालं. खालच्या अंगाला एका कंपनीची फुलांची हरितगृहं उभी राहिली. त्यांनी तीन-तीन वर्षांसाठी सगळ्यांच्या पाळ्या घेतल्या. रोख मिळाले, पोरांना मोबाईल आले, कुणी वाईट म्हणालं नाही. मीसुद्धा ‘यशोगाथा’ लिहिली. मग या फाल्गुनात रंगुबाईचा मुलगा तानाजी मोटरसायकलवरून पडून गेला. तीस वर्षांचा. रंगुबाईने स्वतःची पाळी तेवढी दिली नव्हती, कांदा होता म्हणून. ती सुतकात हुकली. पुढची यायला नऊ दिवस आणि ऊन असं की भिंतीला हात लावता येईना. आईचा फोन आला तेव्हा मी इथे सांगलीतच एका चर्चासत्रात होतो, बाहेर व्हरांड्यात येऊन ऐकलं. ‘बारावं झालं बग. पाट भरून चाललाय, खाली, फुलाकडं. रंगीचा कांदा पार बसला. समद्या बायका पाटावर जाऊन हुब्या राह्यल्या सकाळच्या. तोंड फोडाय कुणाकडं पाळीच न्हाई रं. कुणाचं पानी सोडायचं?’ मी म्हणालो, बघतो. ती म्हणाली, ‘तू तितं मोठा सायब हाईस न्हवं?’ मी पुन्हा म्हणालो, बघतो. आत जाऊन बसलो तर पडद्यावर आमच्याच गावाच्या पाटाचा फोटो लागलेला होता. त्या दिवसापासून मला रात्री नीट झोप नाही, जेवलं की जळजळतं. समीक्षा म्हणते, डॉक्टरला दाखवा. डॉक्टरला काय दाखवू? तक्ता दाखवू?

सभागृहात पंखे होते, वारा नव्हता. गावाकडची माणसं विट्यावरून टेम्पोने आली होती, साठ-सत्तर, बहुतेक बायका. आई दुसऱ्या रांगेत, डोक्यावर पदर घट्ट ओढून, आणि शेजारी रंगुबाई. रंगुबाई दोन महिन्यांत निम्मी झाली होती. मी समोरच्या बाजूला, वीरधवल सरांच्या मागच्या खुर्चीत. आईने मला बघितलं आणि ओळख दाखवली नाही. साहेबलोकांत बसलेल्या पोराला हाक मारून कमीपणा आणू नये एवढं तिला कळतं. सर मागे वळून हळूच म्हणाले, ‘तुझ्या गावची माणसं आहेत, जरा सांभाळून घे.’ निवेदनाच्या प्रती माझ्या मांडीवर होत्या. मला एकच गोष्ट करायची होती. उठायचं आणि म्हणायचं की तो रकाना खोटा आहे. नोकरी जाईल, जाऊ दे. सर पुन्हा तोंड बघणार नाहीत, नको बघू देत. नियमांचा पायाच त्या ओळीवर होता. ती ओळ खोटी ठरली तर निदान फेरविचार होईल, निदान पाळ्या आहेत तिथे राहतील. मी हे स्वतःला इतक्या वेळा सांगितलं होतं की ते सोपं वाटायला लागलं होतं.

आई बोलायला उठली ती मात्र छान बोलली. माईक तिने हातात धरलाच नाही. ‘आमाला काय कायद्यातलं कळत न्हाई. पर पाळी घरातच ऱ्हाऊ दे. घरात आसली तर येळंला कुणाला सोडता येती. आता ह्या बाईचं बगा, पोरगं गेलं आन् रान बी गेलं. आमी समदी नुसती बगत बसलो. आसं कवा झालं न्हवतं आमच्यात.’ सुनावणी घेणारे जलप्राधिकरणाचे सदस्यसाहेब वयस्कर होते, निवृत्त अधिकारी असावेत. त्यांनी समोरचा कागद चाळला. ‘बाई, तुमचं दुःख समजतं. पण पाळी देण्याघेण्याची रीत तुमच्याकडे होतीच की. हा तुमच्याच गावचा तक्ता आहे. धोंडुबाई आपणच ना? आपण पाळीच्या बदल्यात कोकरू दिलं होतं असं इथं नोंद आहे. नियम वेगळं काय म्हणतो?’ आई उभीच राहिली. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

मी उठलो. खुर्चीचा पाय फरशीवर कर्रकन वाजला आणि सगळे वळले. म्हणालो, ‘साहेब, तो तक्ता मी केलाय. मी यांचा मुलगा. शेवटचा रकाना खोटा आहे. कुणी कुणाला काही दिलं नव्हतं. आमच्यात पाळी तशीच सोडतात.’ आवाज माझाच होता पण फार लांबून आल्यासारखा. वीरधवल सरांनी मान वळवली नाही, फक्त त्यांच्या कानाची पाळी लाल झालेली मला मागून दिसली. सदस्यसाहेबांनी चष्मा काढला. ‘म्हणजे बाईंनी तुम्हाला खोटं सांगितलं, की तुम्ही शासनाला सादर झालेल्या कागदात खोटं लिहिलं? दोन्हीतलं एक काहीतरी ठरवा. आम्हाला नोंदवावं लागेल.’ टंकलेखक माझ्याकडे बघत होता, बोटं तयार ठेवून. मी म्हणालो, ‘मी लिहिलं खोटं.’ बोलून गेलो आणि छातीतलं इतक्या दिवसांचं ओझं उतरलं, श्वास खाली पोटापर्यंत गेला. मला वाटलं, झालं. सुटलो.

‘आवं सायेब.’ आई अजून उभी होती. ‘ते लेकरू कायबी बोलतंय. त्याचं डोस्कं ठिकाणावर न्हाई. माजं पोरगं खोटं लिवत न्हाई. म्या दिलतं कोकरू.’ मी म्हणालो, आये, बस खाली. ती बसली नाही. ‘पांढरं हुतं. कपाळावर काळा ठिपका. चार महिन्याचं. आमी कुणाचं फुकट घेतल्यालं न्हाई कवा.’ मागच्या बायकांनी माना खाली घातल्या. एकीनेही वर बघितलं नाही, कारण प्रत्येकीच्या घरचा एकेक रकाना तिथे होता. सदस्यसाहेब म्हणाले, ‘ज्यांना दिलं त्या कोण?’ आईने शेजारी बोट केलं. ‘रंगुबाई, हे खरं आहे का? आपण पाळी सोडली आणि कोकरू घेतलं?’

रंगुबाई उठली. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. मी तिच्याकडे बघत होतो, मनातल्या मनात तिचे पाय धरत होतो. बाई, खरं सांग. तुझंच पाणी होतं, तुझाच कांदा जळला तेव्हाही आणि आताही, एवढं एकदा मोठ्याने सांग. तिने माझ्याकडे बघितलं. मग आईकडे बघितलं. आई पदराचं टोक मुठीत धरून समोर भिंतीकडे बघत होती. रंगुबाईला सगळं कळत होतं. हो म्हटलं तर आपला मुद्दा मेला हेही कळत असावं, कारण ती मूर्ख बाई नाही. पण शेजारणीला भरल्या सभेत खोटं पाडायचं, तिच्या पोराच्या नोकरीवर पाणी फिरवायचं, हे तिच्याच्याने होण्यातलं नव्हतं. ‘व्हय,’ ती म्हणाली. ‘घेतलं.’ आणि खाली बसली.

टंकलेखकाने ते टिपलं. सदस्यसाहेबांनी, समन्वयकांची प्रकृती बरी दिसत नाही, त्यांचं विधान विचारात घेऊ नये, असं काहीतरी सांगितलं. वीरधवल सरांनी मागे हात करून माझ्या गुडघ्यावर थोपटलं. रागाने थोपटलं असतं तर बरं झालं असतं. पुढच्या माणसाचं नाव पुकारलं गेलं.

बाहेर टेम्पो सावलीत लावला होता. बायका चढत होत्या. रंगुबाई आधीच आत जाऊन कोपऱ्यात बसली होती, पदराने तोंड पुसत. मी तिच्याजवळ गेलो. आभार तर मानता येत नाहीत. आई माझ्या दंडाला धरून थोडी बाजूला घेऊन गेली. तिचा हात गरम होता. तिने माझा शर्ट खांद्यावर सरळ केला, लहानपणी शाळेला जाताना करायची तसा. ‘येडा का खुळा तू?’ ती हळू आवाजात म्हणाली. ‘भरल्या सभेत सोताला खोटा म्हनतोस? तुजं लिवल्यालं म्या खाली पडू दिन व्हय? रंगीनं बी राखलं बग. लय मोठ्या मनाची बाई.’ मी मान हलवली. मला तिला सगळं सांगायचं होतं, लंडन, चिली, समिती, ती एक ओळ. ड्रायव्हरने गाडी चालू केली. ती पायरीवर एक पाय ठेवून वळली. चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी जरा उजेड होता.

‘आता दोगींनी बी सांगितलं, तुजा कागद खरा हाय म्हनून,’ ती म्हणाली. ‘आता तरी पाळी मिळंल न्हवं आमची माघारी?’

मी म्हणालो, ‘मिळंल.’